सासऱ्यांची कवळी

गुड फ्रायडेच्या सकाळी नोला टलॉकने न्हाणीघरातल्या पेल्यातलं पाणी खिडकीबाहेरच्या जिरेनियमला घातलं, आणि त्या पाण्याबरोबर तिच्या नवऱ्याचे वरचे सगळे दात सिमेंटच्या पायरीवर जाऊन आपटले.

"काय पडलं गं?" आतल्या खोलीतून हेक्टरने विचारलं. म्हणजे त्याला विचारायचं होतं ते हेच. तोंडात दात नसल्यामुळे ऐकू आलं ते निराळंच.

"काही नाही," नोला म्हणाली. तिने खिडकीतून वाकून पाहिलं. डोळ्यांवर चष्मा नव्हता, तरी पायरीवर काहीतरी गुलाबी आणि पांढरं विखुरलेलं तिला दिसलं. "हेक्टर, तू कवळी रात्री कशात ठेवतोस?"

"पेल्यात."

"कुठल्या पेल्यात?"

हेक्टर स्वतःच आला. पायजमा एका हाताने धरून त्याने खिडकीबाहेर डोकं काढलं आणि बराच वेळ ते आत घेतलं नाही.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे घडलं असतं तर फार तर भांडण झालं असतं. पण हेक्टर टलॉकने ज्या दिवसाची आयुष्यभर वाट पाहिली, तो नेमका हा होता. डुनेडिनच्या रंगभूमीवर आणि न्यूझीलंडमध्ये निघणाऱ्या बहुतेक सिनेमांत तो चाळीसेक वर्षं कामं करत होता. पोलीस, पोस्टमन, पाद्री, बँकेचा मॅनेजर, दारू प्यायलेला मामा, नदीत सापडलेलं प्रेत. नाटकात तो दार उघडून "पाहुणे आलेत" म्हणायचा, सिनेमात नायकाला "साहेब इकडे नाहीत" म्हणायचा. जे मिळालं ते त्याने मनापासून केलं. प्रेताचं काम करताना थंडगार पाण्यात एवढा वेळ निपचित पडून राहिला की दिग्दर्शकाने घाबरून डॉक्टरला बोलावलं होतं. आणि आता, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्याला पहिल्यांदा एक भाषण मिळालं होतं. जमीन विकायला निघालेला म्हातारा शेतकरी डोंगराच्या पायथ्याशी उभा राहून मेलेल्या बायकोशी बोलतो, मागे शेकडो मेंढ्या उभ्या असतात, आणि कॅमेरा त्याच्या तोंडावरून हलत नाही. सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर त्याचं नाव येणार होतं. शूटिंग आज होतं, आणि आजच व्हायला हवं होतं, कारण त्या मेंढ्या खरोखरच ईस्टर संपताच बाजारात जायच्या होत्या.

"दंतवाल्याला फोन कर," हेक्टर खुणेने म्हणाला.

नोलाने केला. फोनमधल्या आवाजाने सांगितलं की दवाखाना ईस्टरच्या सुट्टीमुळे बंद आहे आणि डॉक्टर नदीवर ट्राउट धरायला गेले आहेत. सर्वांना सण आनंदाचा जावो.

मग नोलाने तुकडे गोळा केले, स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी बसली आणि ते चिकटवायला घेतले. ती कामाला चोख होती. थोड्याच वेळात कवळी सांधली गेली, फक्त ती पाव कापायच्या फळीलाही सांधली गेली. फळी ओढावी तर कवळी तुटत होती आणि कवळी ओढावी तर फळीचा टवका निघत होता.

"दात नाहीत म्हणून सांगून टाकूया त्यांना," नोला म्हणाली. "या वयात कोणाला असतात?"

हेक्टरने जोरजोरात मान हलवली. त्यालाही कारण होतं. गेलं वर्षभर शहरातल्या बसच्या पाठीवर त्याचा हसरा चेहरा फिरत होता, आणि खाली लिहिलेलं होतं: 'सत्तरीला आलो, एकही हललेला नाही!' एका टूथपेस्टची ती जाहिरात होती. तसं त्यात खोटं काही नव्हतं; त्याची कवळी खरोखरच हलत नसे. पण धंद्यातल्या प्रत्येकाला त्याने स्वतःचे दात म्हणून तेच दाखवले होते, आणि दिग्दर्शिकेने तर निवडीच्या वेळी मुद्दाम म्हटलं होतं, "या वयात काय दात आहेत हो तुमचे!"

नोला उठली, कपाट उघडलं आणि बिस्किटांचा एक जुना डबा काढला. त्यात तिच्या वडिलांच्या वस्तू होत्या. एक खिशातलं घड्याळ, एक पदक, आणि मऊ फडक्यात गुंडाळलेली वरची कवळी.

हेक्टर दोन पावलं मागे सरला.

त्याचे सासरे डूगल रे मॅनिओटोटोच्या पठारावरचे नावाजलेले मेंढपाळ. त्यांनी जावयाला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला होता: "बरं, रात्रीचं कळलं. दिवसा काय करतोस?" नाटक पाहायला ते एकदाच आले होते आणि हेक्टर दार उघडून यायच्या आतच उठून गेले होते. असा माणूस आता थेट तोंडात घ्यायचा म्हणजे काय, हे हेक्टरच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"धुतलेली आहे," नोला म्हणाली.

"अडचण ती नाही."

"मग काय? आहे दुसरा काही उपाय?"

दुसरा उपाय नव्हता. नोलाने कवळी पुन्हा एकदा उकळत्या पाण्यातून काढली, आणि हेक्टरने डोळे मिटून तिला वाट दिली. डूगल रेंचा जबडा मेंढ्यासारखा रुंद होता. कवळी आत गेली आणि लोंबायला लागली. चिकटवायची पेस्ट अर्धी ट्यूब संपली तेव्हा कुठे ती टाळूला धरून राहिली. हेक्टरने आरशात पाहिलं. चेहरा थोडा त्याचा, थोडा सासऱ्यांचा दिसत होता, आणि सासऱ्यांचा जो होता तो त्याच्याकडे नापसंतीने बघत होता.

"बसली का?" नोलाने विचारलं.

"बसली," हेक्टर म्हणाला.

पण त्यातला 'स' निघाला तो अक्षर म्हणून नाही. लांबलचक, धारदार शिट्टी झाली ती. कपाटातल्या काचा थरथरल्या. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकत होता, तो एकदम गप्प झाला.

नोलाने कपाळावर हात मारला.

"अगं बाई," नोला म्हणाली, "विसरलेच होते मी. बाबांनी पुढच्या दोन दातांमध्ये खाच पाडून घेतली होती, शिट्टीसाठी. हात मोकळे राहायचे ना त्यांचे. डोंगराच्या या टोकावरून त्या टोकाच्या कुत्र्याला हाक द्यायचे. ते पदक त्याचंच तर आहे."

हेक्टर खुर्चीत बसला. खिशातून भाषणाचा कागद काढला आणि पुन्हा वाचला. 'सुझी, संपलं सगळं. सारं आयुष्य सोसत सोसत हे शिवार सांभाळलं. सकाळी सोन्यासारखं दिसायचं, संध्याकाळी सुनंसुनं...' दिग्दर्शिकेने हे भाषण स्वतः लिहिलं होतं आणि लिहून झाल्यावर मोठ्या अभिमानाने त्याला सांगितलं होतं की त्यात तिने मुद्दाम 'स' पेरले आहेत. डोंगरावरच्या वाळक्या गवतातून वारा वाहतोय असं लोकांना वाटलं पाहिजे.

"चल," हेक्टर उठला. "गाडी काढ."

"अरे, पण—"

"चल म्हणतो ना. जीभ जरा मागे धरून बोलेन. काहीतरी करेन. पण आज मी ते बोलणार."

पिगरूटच्या रस्त्याने नोला गाडी चालवत होती आणि शेजारी हेक्टर जीभ मागे धरून, पुढे धरून, गालात दाबून 'सुझी' म्हणत होता. पामरस्टन मागे पडलं, टेकड्या पिवळ्या होत गेल्या, आणि शिट्टीवर काही केल्या फरक पडेना. उलट ती जास्त स्वच्छ यायला लागली.

"बाबांपेक्षा चांगली वाजवतोयस," नोला म्हणाली. हेक्टरने तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने पुढचं बोलणं आवरलं.

नेझबीच्या अलीकडे एका दरीत युनिटचे तंबू लागले होते. हेक्टरने मनाशी ठरवलं होतं की कॅमेरा सुरू होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्यामुळे दिग्दर्शिका मिरियामा धावत पुढे आली आणि वडीलधाऱ्या माणसाला तिच्या माओरी भाषेत म्हणतात तसं "कसे आहात, मातुआ?" म्हणाली, तेव्हा त्याने नुसता तिचा हात हातात घेऊन दाबला. मेकअपवालीने चहा विचारला. त्याने डोळे मिटून मान हलवली. कपडेवाल्याने बूट घट्ट होतात का म्हणून विचारलं. त्याने दूर डोंगराकडे बघितलं. बूट फार घट्ट होत होते.

"कोणी बोलू नका त्यांच्याशी," मिरियामा दबक्या आवाजात सगळ्यांना म्हणाली. "भूमिकेत शिरलेत ते. याला म्हणतात नट."

मेंढ्या उतारावर दाटीवाटीने उभ्या होत्या, आणि त्यांच्या एका बाजूला, गवतात पोट टेकून, एक काळापांढरा कुत्रा बसला होता. नजर मेंढ्यांवर, कान ताठ. त्याच्या मागे काठीला टेकून एक उंच, वाळका माणूस उभा होता.

कुत्रा दिसताच हेक्टर जागीच थबकला. मेंढ्या असणार हे त्याला माहीत होतं. मेंढ्यांना उभं कोण करणार, हा विचार त्याच्या मनात आलेला नव्हता.

"हे क्लॅरी," मिरियामाने ओळख करून दिली. "आणि तो मॉस. पुढच्या महिन्यात देशातल्या अव्वल कुत्र्यांच्या स्पर्धेत उतरतोय. क्लॅरीने एकदा बसवला की भूकंप आला तरी हलणार नाही."

क्लॅरीने टोपीला बोट लावलं. बोलणारा माणूस नव्हता तो. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. मॉसकडे तो ज्या नजरेने बघत होता, त्यात सगळं आलं.

कॅमेरा लागला. हेक्टर आपल्या जागी जाऊन उभा राहिला. उन्हं कलायला लागली होती आणि सगळा उतार तांबूस झाला होता. मिरियामा हळूच म्हणाली, "अॅक्शन."

हेक्टरने मान वर केली, डोळ्यांत जन्माचं दुःख आणलं आणि म्हणाला, "सुझी, संपलं सगळं."

तीन शिट्ट्या दरीभर घुमल्या. मॉस उठून उभा राहिला. त्याने मागे वळून क्लॅरीकडे पाहिलं, म्हणजे आपण बरोबर ऐकलं ना, अशा अर्थाने; आणि दुसऱ्या क्षणी उतार चढून उजवीकडे वळसा घालत धावत सुटला. मेंढ्या डावीकडे सरकल्या. हेक्टरच्या मागची चौकट रिकामी झाली.

"कट! कुत्र्याला काय झालं?"

"कळत नाही," क्लॅरी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "असं कधी करत नाही तो."

साउंडवाल्याने कानांवरचे हेडफोन काढले. "पक्षी आहे कुठलातरी. नेमका यांच्या वाक्यावर ओरडतो. फारच जवळ आहे."

दोघांना पक्षी हाकलायला झुडपांत पाठवलं. त्यांनी काठ्यांनी झुडपं बडवली आणि एक ससा हाकलून परत आले. मॉसने मेंढ्या पुन्हा जागेवर आणल्या. क्लॅरीने त्याला जवळ घेऊन कानात काहीतरी समजावलं.

दुसऱ्या वेळी हेक्टरने ठरवलं की घाईने बोलायचं; शिट्टी आखूड निघेल. तशी ती निघाली. पण मेंढपाळांच्या भाषेत लांब शिट्टी म्हणजे 'वळसा घाल' आणि पाठोपाठच्या आखूड शिट्ट्या म्हणजे 'घेऊन ये', हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. 'सोसत सोसत' म्हणेपर्यंत सगळा कळप त्याच्या अंगावर चालून आला. तो कसलेला नट होता. जागचा हलला नाही, भाषणही सोडलं नाही. तो जसजसा बोलत गेला तसतशा मेंढ्या त्याला दोन्ही बाजूंनी ओलांडून पुढे गेल्या, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला घासत गेल्या आणि जेवणाच्या तंबूत शिरल्या. चीज रोलचे ट्रे गेले, सॅलड गेलं, आणि संध्याकाळी कापायचा मोठा पाव्हलोव्हा केक एका मेंढीने तोंडभर लावून घेतला. मिरियामा खुर्चीवर उभी राहून "कट! कट!" ओरडत होती. तंबूतली नोला दोन्ही हातांनी चहाची किटली डोक्यावर धरून उभी होती आणि नवऱ्याकडे अशा नजरेने बघत होती की आता तरी पुरे कर.

हेक्टरने नजर वळवली. चाळीस वर्षं त्याने दारं उघडली होती. आता काही तो मागे हटणार नव्हता.

"क्लॅरी, मला वाईट वाटतं," मेंढ्या पुन्हा गोळा झाल्यावर मिरियामा म्हणाली, "पण याला गाडीत बांधा. मी शेजारच्या शेतावरून दुसरा कुत्रा मागवते."

"बाई, त्याला बरं नसेल आज," क्लॅरी हळू आवाजात म्हणाला. "नाहीतर माझंच काही चुकलं असेल."

"प्रकाश जायला लागलाय हो."

क्लॅरीने टोपी खाली ओढली. सगळं युनिट बघत होतं. उद्यापर्यंत ही गोष्ट पठारावरच्या प्रत्येक पबमध्ये जाणार होती, हे तो ओळखून होता. मॉस त्याच्या पायाशी बसला होता आणि शेपटी हलवत होता. त्याच्या मते त्याचं काम आज अतिशय उत्तम चाललं होतं.

हेक्टरला ते बघवेना. वास्तविक कुत्रा गेला असता तर त्याचीच सुटका होती. पण त्याने हात वर केला, एक बोट दाखवलं आणि हात जोडले.

"अजून एकदा? कुत्र्याला ठेवून?" मिरियामाने विचारलं. हेक्टरने मान डोलवली. "बघा, क्लॅरी. किती मोठं मन आहे यांचं."

हेक्टर बाजूला जाऊन कागद घेऊन बसला. त्याला उपाय सापडला होता. भाषणातलं 'स' असलेलं प्रत्येक अक्षर काढून टाकायचं. 'श'ही काढायचा. अर्थ तोच ठेवायचा. त्याने ओठांत पुटपुटत, बोटांवर शब्द जुळवत, कपाळाला आठ्या घालत सगळं भाषण नव्याने बांधलं. लांबून मिरियामा मेकअपवालीला दाखवत होती की बघ, किती आत गेलाय हा माणूस.

"अॅक्शन."

"राणी, आटोपलं बघ," हेक्टर म्हणाला. "उभा जन्म काढला या रानात. पहाटे उन्हात न्हालेलं रान पाहिलं, कातरवेळी ओकंबोकं झालेलंही पाहिलं. आता हे टाकून निघतो. माघारी कोण येणार?"

शिट्टी नाही. मॉस गवतात थिजल्यासारखा बसला होता. मेंढ्या उभ्या होत्या. साउंडवाल्याने अंगठा वर केला. पक्षी गेला होता. क्लॅरीने श्वास सोडला. तंबूत नोलाने टाळी वाजवायला उचललेले हात तसेच छातीशी धरले.

"मातुआ," मिरियामा जवळ आली. ती गोंधळलेली होती. "अभिनय फार छान झाला. पण माझे शब्द कुठे गेले? माझा वारा गेला सगळा. आणि 'राणी' कोण? पुढच्याच दृश्यात थडग्यावर मोठ्या अक्षरांत 'सुझी' लिहिलंय. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला दोन बायका होत्या."

हेक्टर सभ्य माणूस होता. चूक दाखवली की लगेच माफी मागायची, ही त्याची सवय होती.

"सॉरी," तो म्हणाला.

मॉस बाणासारखा सुटला.

या वेळी मेंढ्यांनी उरलासुरला तंबूही पाडला. त्या पुन्हा उतारावर पोचेपर्यंत क्लॅरीने मॉसला उचलून गाडीच्या मागच्या बाजूला ठेवलं होतं. तो साखळी अडकवत होता, पण कडी त्याच्या बोटांना सापडत नव्हती. "स्पर्धेला नाही नेणार याला," तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "शिट्टी नसताना धावणारा कुत्रा घेऊन कोण जाणार? चल रे, बाबा. घरी जाऊ."

हेक्टर उतारावर उभा राहून हे बघत होता. त्याच्या मागे सूर्य डोंगराला टेकायला आला होता. भाषण, पडद्यावरचं नाव, बसच्या पाठीवरचा तो हसरा चेहरा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तो घट्ट बुटांतून लंगडत सरळ गाडीपाशी गेला. क्लॅरीचा खांदा धरून त्याला तंबूच्या पुढे, सगळ्यांच्या मध्ये आणून उभं केलं. तोंडात अंगठा घातला. अर्धी ट्यूब पेस्ट लागलेली होती. दोन-तीन हिसके द्यावे लागले. पॉक असा आवाज आला आणि डूगल रे बाहेर आले.

मेकअपवालीच्या हातातला ब्रश खाली पडला.

"दोफ कुत्र्याचा नाही," हेक्टर ठासून म्हणाला. "माझ्या फाफऱ्यांचा आहे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"सासऱ्यांचा," नोला पडलेल्या तंबूतून बाहेर येत म्हणाली. "माझ्या बाबांचे दात आहेत ते. शिट्टीवाले. याचे स्वतःचे मी सकाळी फोडले." आणि तिने जिरेनियमपासून पाव कापायच्या फळीपर्यंत सगळं सांगितलं. मध्ये हेक्टर "ते फांगू नको" असं एकदा म्हणाला, पण तोवर ते सांगून झालं होतं.

"कोण तुझे बाबा?" क्लॅरीने विचारलं.

"डूगल रे."

क्लॅरीने डोक्यावरची टोपी काढली. हेक्टरच्या तळहातावरच्या कवळीकडे तो बराच वेळ बघत राहिला. "तरीच," तो म्हणाला. "तरीच मला वाटत होतं, हा पक्षी मी कुठंतरी ऐकलाय." मग तो वळला, गाडीपाशी गेला, साखळी सोडली आणि मॉसच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय करत होता, ते कोणी जवळ जाऊन पाहिलं नाही.

मिरियामा मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. ती हेक्टरकडे बघत होती. दात गेल्याबरोबर त्याचे गाल आत गेले होते, हनुवटी वर आली होती, सगळा चेहरा विकायला काढलेल्या घरासारखा रिकामा झाला होता. तांबडा उजेड त्याच्या सुरकुत्यांत भरला होता.

"मातुआ, हलू नका," ती म्हणाली. "तसेच उभे राहा. क्लॅरी, कुत्रा घ्या जागेवर. कॅमेरा!"

"पण दात—"

"खिशात टाका ते. आणि शब्द माझेच म्हणा. सगळे."

हेक्टर आपल्या जागेवर गेला. मेंढ्या मागे उभ्या राहिल्या. मॉस बसला. आणि हेक्टरने भाषण केलं. 'फुझी, फंपलं फगळं' असं ते कागदावर लिहिलं तर कोणीही हसेल. त्या दरीत कोणी हसलं नाही. एक दात नसलेला म्हातारा, शब्द तोंडातून निसटून जात असताना ते एकेक धरून आणत होता, आणि थांबत नव्हता. त्याच्या प्रत्येक 'स'मधून नुसती हवा जात होती. साउंडवाल्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. मिरियामाला हवा होता तो वारा हाच होता. भाषण संपलं तेव्हा सूर्य गेला होता. "कट" म्हणायचं मिरियामा विसरली होती.

परतीच्या वाटेवर पामरस्टनचे दिवे दिसायला लागले. मग नोला म्हणाली, "बाबांना आवडलं असतं आज."

हेक्टरने आशेने तिच्याकडे पाहिलं.

"एवढ्या मेंढ्या," नोला म्हणाली, "आणि एकही चुकली नाही."

सिनेमा तिकडच्या वसंतात, म्हणजे ऑक्टोबरात, डुनेडिनला लागला. मधल्या काळात टूथपेस्टवाल्यांनी बसवरून हेक्टरला उतरवलं होतं, मॉस स्पर्धेत दुसरा आला होता, आणि हेक्टरने नवी कवळी करून घेतली होती. चांगली, पांढरीशुभ्र, न वाजणारी. पहिल्या खेळासाठी त्याने खास नवा सूट शिवून घेतला. केस कापले, दाढी केली, आणि नोलाच्या शेजारी चौथ्या रांगेत ताठ बसला.

पडद्यावर त्याचं नाव आलं. नंतर ते भाषण आलं. थिएटरात चिडीचूप. त्याला काय म्हणायचंय ते कोणाला नीट कळत होतं असं नाही, पण मागच्या रांगेतून नाक ओढल्याचे आवाज येत होते. खेळ संपल्यावर मिरियामा माइक घेऊन पडद्यापुढे आली आणि म्हणाली, "आणि आता, ज्यांच्यासाठी तुम्ही सगळे रडलात ते, हेक्टर टलॉक!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेक्टर उठला, रांगेतून वाट काढत पुढे गेला आणि स्टेजवर चढून हसला. टाळ्या कमी झाल्या. मग थांबल्या. लोक माना उंच करून त्याच्या मागे, पडद्याच्या कडेला, दाराकडे बघायला लागले.

"अहो, जरा बाजूला होता का?" पहिल्या रांगेतली एक बाई त्याला समजुतीने म्हणाली. "त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला येऊ दे ना वर."

हेक्टर स्टेजवर उभा राहिला. मिरियामा काहीतरी सांगायला पुढे झाली, पण त्याने हात करून तिला थांबवलं. त्याने लोकांकडे पाठ केली. जरा वेळ त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि एक कोपर वर जाऊन खाली आलेलं दिसलं. मग तो वळला.

सगळं थिएटर एकदम उभं राहिलं. पहिल्या रांगेतली बाई दोन्ही हात तोंडावर धरून रडायला लागली. लोक खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवत होते. हेक्टरने एक मूठ छातीशी घट्ट धरली होती. दुसऱ्या हाताने तो कोटाची एक बाजू चाचपत होता, मग दुसरी. नंतर त्याने हात वर केला. टाळ्या थांबल्या. पडलेल्या आवाजात, चौथ्या रांगेकडे बघत, तो दोन वाक्यं बोलला. त्यातलं एक अक्षर कोणाला कळलं नाही. पण अशी शांतता पसरली, आणि मग असा हुंदका उठला, की मिरियामाला माइक खाली ठेवून डोळे पुसावे लागले.

नोलाला मात्र कळलं होतं. तो म्हणाला होता, "नोला, या नव्या फुटाचे खिफे अजून फिवलेलेच आहेत. पर्फ घेऊन वर ये."

ती पर्स उघडतच उठली.